रुमाल

आमची हार्ड डिस्क लाल रुमालात बांधलेली असते. डिस्क जेमतेम तळहाताएवढी, दोन टीबीची, काळ्या प्लॅस्टिकच्या कवचातली. रुमाल जाड मांजरपाटाचा, धुऊन धुऊन फिकटलेला. तो काकांनी दिला. साताऱ्याच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात पणजोबांच्याही आधीचे कागद अशाच कापडांत बांधून ठेवलेले, आणि त्यांना घरात कोणी गाठोडी म्हणत नसे, रुमालच म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरातही कागदांच्या गठ्ठ्यांना हाच शब्द आहे. त्या कागदांची छायाचित्रं ज्या डिस्कमध्ये आहेत तिलाही रुमाल हवाच, असं काकांचं म्हणणं पडलं.

कागद मोडीतले. आमच्याकडे मोडी वाचणारं शेवटचं माणूस म्हणजे आजोबा. ते गेल्यावर ट्रंक उघडायची ती वाळवी लागली नाही ना, एवढं बघायला. एका दिवाळीच्या आवराआवरीत आजी म्हणाली होती, “कुणाला वाचता येत नाही, मग ठेवायचे कशाला? बंबात तरी घाला.” काका तेव्हा कॉलेजात होते. ते जाऊन ट्रंकेवर बसले आणि आजीचं आवरून होईपर्यंत उठले नाहीत. आजी काही कठोर बाई नव्हती. घरात जागा कमी होती आणि तिच्या दृष्टीने ती ट्रंक नुसती जागा अडवत होती.

२०१७च्या उन्हाळ्यात मी ते रुमाल पुण्याला आणले आणि एकेक कागद स्कॅन करायला घेतला. ए-फोर आकाराचं एक पान सहाशे डीपीआयने, रंगीत, काहीही न दाबता साठवलं की शंभर एमबीच्या आसपास जातं. पण शाईचा रंग, कागदाचा धागा, घडीवरची झीज हे सगळं हवं होतं, म्हणून मी तसंच ठेवलं. माझा संगणक लिनक्सवर चालतो. डिस्क मी त्याला सोयीची म्हणून एक्स्ट-फोर या पद्धतीने तयार केली, सगळं तिच्यावर घातलं आणि दिवाळीला साताऱ्याला नेऊन काकांच्या हातात दिली. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन.

“अगं, हा विचारतोय, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवी म्हणून. करू ना?”

“काका, थांबा. काही दाबू नका.”

“फॉरमॅट म्हणजे काय नक्की? नीट लावून देतो ना तो?”

“पुसून टाकतो.”

पलीकडे काही वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते हळू म्हणाले, “माझं बोट त्याच्यावरच होतं गं.”

चूक माझी होती, आणि ती मला अजून टोचते. विंडोज संगणकाला एक्स्ट-फोर मुळातून वाचता येत नाही. डिस्क जोडलेली आहे, एवढ्या आकाराची आहे, इतकं त्याला कळतं, पण आत काय आणि कुठे आहे ते सांगणारी यादी त्याच्या ओळखीची नसते. त्याने विचारलेला प्रश्न मी बराच काळ मनात घोळवत होते. “मला हे वाचता येत नाही” असं तो म्हणत नाही. वापरायची तर आधी फॉरमॅट करा, म्हणतो. आजीच्या आणि त्याच्या वाक्यात मला फरक दिसेना. काका चाळीस वर्षांपूर्वी ज्या कागदांसाठी ट्रंकेवर बसले होते, ते कागद मी त्यांच्याच बोटाखाली नेऊन ठेवले होते. मूळ कागद पुण्यात होते, स्कॅन माझ्या संगणकावरही होते, म्हणजे काही गेलं नसतं. पण ते काकांना त्या क्षणी कुठे ठाऊक होतं?

डिस्क म्हणजे मुळात क्रमांक घातलेल्या कोट्यवधी खणांची एक लांबच लांब ओळ. कोणता कागद कुठल्या खणात सुरू होतो, मधेच जागा संपली तर पुढे कुठे जातो, त्याचं नाव काय, तो कधी आला, त्याला हात लावायचा हक्क कुणाचा, हे लिहून ठेवायची जी रीत, तिला फाइल सिस्टिम म्हणतात. मला ती दप्तरदाराची रीत वाटते. विंडोजची एनटीएफएस १९९३मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. मॅकची एचएफएस-प्लस १९९८ची, आणि तिच्या जागी २०१७मध्ये एपीएफएस आली. लिनक्सची एक्स्ट-फोर २००८ची. आतले शून्य-एक सगळीकडे तेच. आमच्या कागदांतली मराठीही माझ्या ओळखीचीच निघाली, फक्त ज्या वळणाने ती लिहिली होती ते मला येत नव्हतं.

मोडी शिकायला मी त्यानंतरच्या वर्षी बसले. एक वयस्कर गुरुजी रविवारी सकाळी शिकवत. त्यांनी पहिल्या दिवशी अक्षर काढूच दिलं नाही, नुसत्या आडव्या रेघा मारायला लावल्या. मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिला खालून अक्षरं लटकवत जायचं. होता होईल तो बोरू उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. बाळबोध वाचून तयार झालेल्या डोळ्यांना सुरुवातीला हा सगळा गोंधळ वाटतो. पण दिवसभर हिशेब आणि हुकूम लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनगटाच्या दृष्टीने पाहिलं की प्रत्येक गोष्टीचं कारण सापडतं. फाइल सिस्टिमांकडे मी तेव्हापासून तशीच बघू लागले. त्या एकमेकींना कळत नाहीत यात कुणाचा आडमुठेपणा नाही, असं नाही. व्यापार आहे, हक्क आहेत, एकस्व आहेत. तरी प्रत्येकीच्या मुळाशी कुणाच्या तरी मनगटाची सोय आहे, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे.

फोननंतर मी डिस्क एनटीएफएस करून घेतली. काकांचं भागलं. माझंही बहुतेक वेळा भागलं. मग डिस्क ठाण्याला धाकट्या बहिणीकडे गेली. ती पुस्तकांची मांडणी करते, मॅकवर. या कागदांतून घरच्यांसाठी एक पुस्तक करायचं आमच्या मनात होतं. तिने महिनाभर बसून प्रत्येक पानाचा रंग नीट केला, कडा कापल्या, आणि परत ठेवायला गेली तर ठेवता येईना. मॅकला एनटीएफएसवरचं वाचता येतं, पण वरून काही जोडलं नाही तर लिहिता येत नाही. “ताई, मला सगळं दिसतंय, पण मला एक काडीही हलवता येत नाहीये,” ती म्हणाली. संग्रहालयात काचेआडचं हस्तलिखित बघावं तसं. माझ्याकडेही एकदा डिस्क आली ती लिहू देईना. काकांनी ती लावलेली असतानाच संगणक बंद केला होता. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज पुष्कळदा पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि डिस्कवरचा त्याचा हात सुटलेला नसतो. लिनक्स ते ओळखतं आणि दुसऱ्याचं काम अर्धवट असताना आपण लिहायला नकार देतं. मला अडचण झाली, पण त्याचं वागणं बरोबर होतं.

सगळ्यांना वाचता येईल अशी जुनी रीत म्हणजे फॅट. तिचं मूळ १९७७चं, आणि फॅट-बत्तीस १९९६ची. कॅमेरा, टीव्ही, गाडीतला रेडिओ, सगळ्यांना ती येते. पण तिच्या यादीत फाइलचा आकार लिहायला बत्तीस बिटांचाच रकाना आहे. कीर्दीत रकमेचा रकाना जितक्या आकड्यांचा, त्याहून मोठी रक्कम मांडताच येत नाही, तसं इथे एका फाइलचा आकार चार जीबीला एक बाइट कमी, याच्यापुढे जात नाही. गुरुजी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून कागद वाचताहेत आणि काका मधे मधे शंका विचारताहेत, असं पाऊण तासाचं चित्रण बहिणीने फोनवर केलं होतं. ते त्या रकान्यात मावलं नाही. दोन तुकडे करता आले असते. पण ज्या ठिकाणी तोडावं लागलं असतं तिथे गुरुजी एका शब्दावर अडलेले, काका श्वास रोखून बसलेले. ते तोडणं बहिणीला नको होतं.

शेवटी आम्ही एक्सफॅटवर आलो. ती २००६ची. मॅकने तिला २०१०मध्ये आपलं म्हटलं. लिनक्सवर मात्र ती कित्येक वर्षं पाहुण्यासारखी बाहेरून आणावी लागे. २०१९च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील सर्वांसाठी खुला केला, त्याच नोव्हेंबरच्या ५.४ या आवृत्तीत ती लिनक्सच्या गाभ्यात आली आणि २०२०मध्ये अधिक चांगल्या रूपात पक्की झाली. तिघांच्या तीन संगणकांना एकच डिस्क विनातक्रार वाचता-लिहिता येणं ही गोष्ट इतकी अलीकडची आहे. ज्या दिवशी बहिणीने ठेवलेली पानं काकांनी उघडली आणि मी त्यांवर टिपणं जोडली, तो दिवस मला मोठा वाटला. अजूनही वाटतो.

पण एक्सफॅटने ही सर्वांशी ओळख कशाच्या बदल्यात मिळवली, ते समजून घ्यायला मला एक नुकसान सोसावं लागलं. एक्स्ट-फोर, एनटीएफएस यांसारख्या रीती रोजकीर्द ठेवतात. एखादं काम करण्याआधी, ‘आता हे करणार आहे’ अशी नोंद आधी लिहितात, मग ते करतात. मधेच वीज गेली तरी पुढच्या वेळी ती नोंद वाचून आपली यादी सावरून घेता येते. एक्सफॅटजवळ ही रोजकीर्द नाही. या कागदाचा धनी कोण, कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, हेही ती लिहीत नाही. जो डिस्क लावेल तो धनी. २०२१च्या पावसाळ्यात मी घाईत होते, नकलांची पट्टी शेवटाला पोचलेली दिसली आणि मी तार ओढली. पडद्यावर काम संपलेलं दिसतं तेव्हा बरंचसं अजून संगणकाच्या स्मरणातच असतं, डिस्कवर उतरायचं असतं. दुसऱ्या दिवशी एका फोल्डरमधल्या अकरा फाइलींची नावं होती, आकार शून्य. त्यांची दुसरी प्रत काकांच्या संगणकावर होती म्हणून निभावलं.

त्या अकरा फाइलींनी मला आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. घरोघर फिरणारी डिस्क हा बॅकअप नव्हे. आम्ही तिला बॅकअप म्हणत होतो, पण ती वाहतूक होती. जे तिच्यावर आहे ते आणखी कुठेतरी असलंच पाहिजे, आणि एक तरी प्रत वेगळ्या घराच्या छपराखाली. २०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा डिस्क साताऱ्याला अडकली होती. महिनोन्‌महिने ती तिथेच राहिली आणि मला तिची काळजी वाटली नाही, कारण एक प्रत माझ्याकडे होती, एक बहिणीकडे. बहिणीने तर वेगळी डिस्क घेतली आणि तिची वाटणी केली. एक भाग मॅकच्या स्वतःच्या बॅकअपसाठी, कारण त्याला मॅकच्याच रीतीची जागा लागते, आणि एक भाग सामाईक. डिस्कचे असे भाग पाडण्याला आम्ही घरात ‘वाटणी’च म्हणतो. वाटणीपत्रं वाचून वाचून तो शब्द तोंडात बसला.

नावांचं प्रकरण वेगळंच. काका निवृत्त शिक्षक. ते फाइलला नाव देतात तेव्हा पत्राचा मायना लिहितात. कागद कुणाचा, कुणाला, कशाबद्दल, कोणत्या रुमालातला, कोणत्या बाजूला डाग आहे, सगळं नावातच. डिस्कवर ती नावं सुखाने राहत. माझ्या संगणकावर उतरवायला गेलं की त्यातली काही नाकारली जात. लिनक्सवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, आणि युनिकोडच्या ज्या रीतीने तिथे नावं लिहिली जातात तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, वेलांटी, अनुस्वार, सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे मराठीत पंचाऐंशी चिन्हांत नाव संपवायचं. इंग्रजीत त्याच्या तिप्पट लिहिता येतं. विंडोजवर चिन्हं मोजतात, बाइट नव्हे, त्यामुळे काकांना या तंगीचा पत्ताच नव्हता. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकेक नाव कागदावर लिहून, टिंबं मोजून, लहान केलं. मला ते बघवत नव्हतं. मराठीत नाव लिहिणाऱ्याला कमी जागा मिळावी हे मला आजही मान्य नाही.

मग तो ‘ऱ’. एकदा बहिणीने तिच्या जुन्या मॅकवरून एक झिप पाठवली. मी ती उघडली तर माझ्याकडे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी उभे: ‘तिसऱ्या रुमालातले कागद’ आणि ‘तिसऱ्या रुमालातले कागद’. अक्षर अन्‌ अक्षर सारखं. एकाच ठिकाणी एका नावाच्या दोन गोष्टी राहूच शकत नाहीत. मी नावांचे आतले आकडे काढून पाहिले. फरक ‘सऱ्या’मधल्या त्या चंद्रकोरी अर्ध्या र मध्ये होता. आचार्य आणि आचारी यांची सामान्यरूपं ज्या एका वळणाने वेगळी राहतात, तेच ते अक्षर. माझ्याकडे तो एक अखंड ‘ऱ’ होता. जुन्या मॅकची एचएफएस-प्लस नाव लिहिताना अशी अखंड अक्षरं सुटी करून ठेवते, त्यामुळे तिकडे तो साधा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता असा दोन तुकड्यांत आला होता. दोन्ही शुद्ध. युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही एकच. पण माझा संगणक आकडे जुळवतो, त्याला ही दोन वेगळी नावं वाटली. मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, “म्हणजे माझा र फुटका आहे का, ताई?” फुटका नाही, म्हटलं, उकललेला आहे. आता आमच्यात ठरलंय, नावात शक्यतो अर्धा र आणायचा नाही. ‘रुमाल ३’ असं लिहायचं. सोय झाली, आणि एक गोड शब्द गेला.

त्या तिसऱ्या रुमालातच तो कागद होता, ज्याच्यावर गुरुजी अडले होते. शके १७९८, धाता नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मास. म्हणजे १८७६चा अखेर. त्या वर्षी दख्खनवर पावसाने पाठ फिरवली होती आणि साताऱ्याच्या बाजूलाही दुष्काळ होता. तीन भाऊ, वाटण्या झालेल्या, विहीर मात्र एक, सामाईक. मोटही एकच. कुणाला किती दिवस पाणी, हे त्यात आहेच. पण कागदाचा मोठा भाग पाळी संपताना काय करायचं, त्यावर खर्ची पडला आहे. मोट वर काढून टांगावी. नाडा ओला गुंडाळू नये. थारोळ्यातला गाळ काढावा. पाटाचं दार लावावं. आणि पुढच्या पाळीवाल्याच्या घरी जाऊन ‘पाळी संपली’ असं तोंडाने सांगितल्याखेरीज विहीर सोडली असं समजू नये.

गुरुजी ज्या शब्दावर अडले तो ‘थारोळं’ होता. मोडीत मजकूर सलग असतो, त्यामुळे त्यांनी तो आधीच्या शब्दाला जोडून वाचला होता. मोटेचं पाणी जिथे पडतं त्या दगडी कुंडाला थारोळं म्हणतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण डोळ्याला सापडत नव्हतं. चित्रणात दिसतं, काका एकदम पुढे वाकतात आणि म्हणतात, “गुरुजी, थारोळं! आमच्या विहिरीवर अजून आहे.” लहानपणी त्यात बसून ते अंघोळ करत. गुरुजी पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जातात, बोट ठेवून सावकाश वाचतात आणि या वेळी वाक्य शेवटपर्यंत लागतं. चार जीबीच्या आत मावलं नाही ते हे.

हा कागद वाचला गेल्यापासून रुमालात एक चिठ्ठी असते. काकांनी सुरू केली. डिस्क कुणाकडून कुणाकडे गेली, तारीख, काय घातलं, काय काढलं. खाली सही. मी आधी फक्त तारखा लिहीत असे. काका मात्र दर वेळी एक ओळ जास्त लिहितात, आणि गेली दोन-तीन वर्षं मी आणि बहीणही ती लिहू लागलो आहोत. डिस्क पाठवण्याआधी काकांचा फोनही येतो. फोन उचलला की तिकडून पहिलं वाक्य ठरलेलं: “काढली गं. आधी त्याला विचारलं, तो हो म्हणाला, मग दिवा विझेपर्यंत थांबलो.”

सध्या डिस्क ठाण्याहून माझ्याकडे आली आहे. गाठ सोडली तेव्हा चिठ्ठीवर सगळ्यात खाली बहिणीचं अक्षर होतं. पानं ४१ ते ६८ नीट करून ठेवली. थारोळ्याचा फोटो नवा घातला, गावी गेले होते तेव्हा काढला. दिवा विझल्यावर काढली.